मागच्या सीटवरचा माईक

तू गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागली आहे आणि जो येतो तो मला तुझा चांगुलपणा ऐकवून जातो. यशवंतपूरच्या तुझ्या कारखान्याच्या शेडमधली सगळी माणसं येऊन गेली. "यजमानांनी कधी आवाज चढवला नाही अम्मा," म्हणाली. तुझी बहीण कमळाक्का आल्यागेल्याला सांगते, "आमचा अण्णा म्हणजे शांत पाणी." मी भिंतीला टेकून ऐकते. रडतेही. पण रडताना तुझ्याविषयी माझ्या मनात जे चाललेलं असतं ते या लोकांना कळलं, तर चपला घालून चालते होतील.

म्हणून तुझ्याशीच बोलते. आणि तुला तू म्हणते. घरात मी तुला जन्मभर अहो-जाहो केलं, पण तू म्हणायला तूच सांगितलं होतंस, त्या गाडीवर. "इथं कोण ऐकतंय? तू म्हण," म्हणाला होतास. तेव्हा मला केवढी लाज वाटली होती. आता वाटत नाही.

ती गाडी आणलीस तेव्हा आपल्या जयनगरच्या घरासमोर गर्दी जमली होती. जे. पी. नगरमधल्या एका गृहस्थांनी मस्कतहून परत येताना ती भली मोठी जपानी मोटारसायकल बोटीतून आणली, आणि पहिल्याच आठवड्यात ती त्यांच्या पायावर पडली. त्यांच्या बायकोनं ती घराबाहेर काढायला लावली आणि तू घेतलीस. सासूबाई ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "एवढ्या पैशांत म्हैस घेतली असती तर दूध तरी मिळालं असतं." सगळे हसले. तू नाही हसलास. तू मला बोलावून हँडलच्या मधोमध बसवलेला कंपनी फिटेड सेट दाखवलास. कॅसेट, रेडिओ, दोन स्पीकर पुढे, दोन मागे माझ्या पाठीशी. वेग वाढला की आवाज आपला आपण वाढायचा. आणि दोन हेल्मेटं होती, दोन्हींत तोंडापुढे वाटाण्याएवढा माईक आणि कानांपाशी चपटे स्पीकर. हेल्मेटची वायर गाडीत खोचली की तू पुढे बसून आणि मी मागे बसून बोलू शकायचो, जराही न ओरडता. आपण बोलायला लागलो की गाणं आपोआप बारीक व्हायचं, थांबलो की पुन्हा वर यायचं.

त्या घरात नवरा-बायकोनं बोलायला जागा कुठं होती? स्वयंपाकघरात सासूबाई, हॉलमध्ये श्रीपाद भावजींचा पेपर आणि त्यांची मुलं, आपल्या खोलीचा दरवाजा दिवसा लावायची पद्धत नाही. लग्नाला बारा वर्षं होत आली होती आणि मूल नाही म्हटल्यावर आपण काय बोलतो याकडे सगळ्यांचे कान. मग रविवारी सकाळी मी नऊवारीवाल्या सासूबाईंसमोर हेल्मेट घालायचे, त्या तोंड फिरवायच्या, आणि आपण कनकपुरा रस्त्याला लागायचो. बनशंकरी मागे पडली की तू म्हणायचास, "बोल."

मी बोलायचे. काय काय बोलायचे! सगळं मनात साठवलेलं. तूही बोलायचास तेव्हा. तुझ्या वडलांनी तुला सतराव्या वर्षी कॉलेजातून काढून पत्रे ठोकायच्या प्रेस मशीनवर उभं केलं, पहिल्या दिवशी तू संडासात जाऊन रडलास, हे तू मला लग्नानंतर बारा वर्षांनी, एका चिंचेच्या झाडांच्या रस्त्यावर सांगितलंस. "तू नसतीस सुमन, तर मी हे घर आणि ती शेड सोडून केव्हाच पळालो असतो," हेही तिथंच. माझ्या कानाशी, तुझा चेहरा न दिसता. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मला फार वाईट बोलायचं आहे.

दोनेक वर्षांत तुझं बोलणं आटलं. मी बोलायचे, तू "हं" म्हणायचास. मग "हं"सुद्धा नाही, नुसतं "सरी, सरी", कानडीतलं बरं, बरं. मला वाटलं कंटाळलास. मी आणखी बोलायचे.

त्या दिवशी मी धीर करून मंजूचं काढलं. धारवाडची माझी मामेबहीण बाळंतपणानंतर वर्षभरात गेली होती, नवरा दुसरं लग्न करणार होता, आणि तिची पोर, मंजू, मामांकडे होती. मामा थकलेले. मी तुला म्हणाले, "आपण मंजूला आणू या. आपली म्हणून. मला ती हवीय रे. तू नाही म्हणालास तर पुन्हा कधी विचारणार नाही, पण आज नीट सांग." समोरून लॉरी गेली. तू काही बोलला नाहीस. मी पुन्हा विचारलं, "आणू या ना?"

तू म्हणालास, "सरी."

मी म्हटलं, "खरंच?"

"सरी म्हटलं ना, सरी."

मी तुझ्या पाठीला डोकं टेकलं. हेल्मेटावर हेल्मेट आपटलं, तू म्हणालास, "नीट बस." घरी आल्यावर मी कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून धारवाडला फोन केला. मामा फोनवर रडले. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हटलं घरच्यांना तू सांगशील, मोठा मुलगा आहेस.

मामा मंजूला घेऊनच आले. सकाळच्या गाडीनं. तिला नवा फ्रॉक, तेल लावून चप्प बसवलेले केस, वर लाल रिबन. हॉलमध्ये सगळे बसलेले. मामा तुला म्हणाले, "जावईबापू, पोर तुमच्या पदरात घालायला आणलीय."

तू त्यांच्याकडे बघत राहिलास. "पदरात? म्हणजे?"

"सुमन म्हणाली तुमचा होकार आहे."

"कसला होकार? मला कुणी विचारलं?"

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. भावजींनी पेपर खाली ठेवला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात." आणि तू, माझ्याकडे सरळ बघून म्हणालास, "मी काहीही म्हटलं नाही. सुम्ने उगाच काहीतरी बोलू नकोस."

खोटारडी ठरले मी. त्या घरात, त्या दिवसापासून. मंजू माझ्या मांडीवर झोपून गेली होती. संध्याकाळच्या गाडीनं मामा तिला परत घेऊन गेले. माझ्याशी बोलले नाहीत, पण प्लॅटफॉर्मवर उभं राहून त्यांनी मला मान हलवून निरोप दिला, ते मी अजून विसरले नाही. पुढे ती पोर हुबळीला तिच्या वडलांच्या बहिणीकडे गेली. तिथं ती सुखात आहे, शाळेत हुशार आहे असं कळतं. तिचे हाल झाले असते तर तेही तुझ्या नावावर मांडलं असतं. तेवढीही सोय नाही.

लगेचच्या रविवारी तू म्हणालास, "चल, जे. सी. रोडला जाऊन येऊ. गाडीचा सेट बदलायचाय." मी आले, कारण वाटेत तरी बोलशील असं वाटलं. हेल्मेट घातलं, वायर खोचली. "का केलंस असं?" विचारलं. लालबागच्या दरवाज्यापर्यंत विचारत राहिले. तू समोर बघून गाडी चालवत होतास.

दुकानात तुझी तक्रार सुरू झाली. आवाज नाही, टेप घोगरी वाजते, रेडिओ इथली स्टेशनं धरत नाही. मिस्त्रीनं कॅसेट लावली. रस्त्यावरची गर्दी, हॉर्न, सगळ्यातून तो सेट लख्ख वाजला. "सेट तो एक नंबर है सार," तो म्हणाला. तू म्हणालास, "काढ." त्यानं पुढचं झाकण उघडलं, आत बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "सार, ये निकाले तो पीछे बात करने का लैन भी जाता. सब एकीच डब्बे में है. चलता?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी हेल्मेट हातात धरून तिथंच उभी होते.

"जाऊ दे," तू म्हणालास. "गाणं मोठं पाहिजे."

नवा सेट बसेपर्यंत मी फुटपाथवर उभी राहिले आणि मग रिक्षानं घरी निघाले. साउथ एंड सर्कलपाशी तू मागून आलास. नवा कारचा सेट, सीटखाली ॲम्प्लिफायर, मागे माझ्या पाठीशी असायचे तिथं दोन काळे डबे. गाण्यातले शब्दही कळत नव्हते, नुसती धडधड. रिक्षावाल्यानं कानात बोट घातलं. तू माझ्या रिक्षाच्या पुढे निघून गेलास आणि मी ठरवलं, की या माणसानं माझं तोंड बंद करण्यासाठी गाडीतली वायर कापली. पुन्हा त्या सीटवर बसले नाही.

तसं मानून मी दोन वर्षं काढली. मग तो दिवस आला. तुझा डबा नेणारा माणूस आजारी होता म्हणून मी स्वतः यशवंतपूरला आले. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि वीज गेली. सगळ्या प्रेस एकदम थांबल्या. एवढी शांतता की पत्र्यावरचा कावळा ऐकू येत होता. तू टेबलाशी, पाठमोरा, पट्टीनं काहीतरी मोजत होतास. मी मागून म्हणाले, "अहो." तू वळला नाहीस. मी जवळ येऊन मोठ्यानं म्हणाले, "अहो, डबा आणलाय." नाही. मला वाटलं अजून राग आहे.

नागराज, तुझा जुना माणूस, माझ्याकडे बघून ओशाळला. तो पुढे झाला आणि त्यानं तुझ्या टेबलावर दोनदा तळहात आपटला. तुझ्या हाताखालचं लाकूड हललं, आणि तू वळलास. मला बघून हसलास. "कधी आलीस?"

मी बाकीच्यांकडे बघितलं. एकालाही नवल वाटलं नव्हतं. ते रोज तेच करत होते. अख्ख्या शेडला माहीत होतं, इतकं की त्यांनी त्याची रीत बसवली होती. तुझी बायको तेवढी बाहेरची.

ते जेवायला बाहेर गेले तेव्हा मी म्हणाले, "तुम्हाला ऐकू येत नाही."

"येतं की."

ओठ दिसू नयेत म्हणून मी पदर तोंडावर धरला आणि त्याच्याआडून म्हणाले, "मंजू." तू माझ्या पदराकडे बघत राहिलास. डोळे नुसते इकडून तिकडे. मग म्हणालास, "नाटकं करू नकोस, डबा उघड."

मी पदर काढला. "त्या दिवशी कनकपुरा रस्त्यावर मी तुम्हाला काय विचारलं होतं?"

"किती जुनी गोष्ट ती."

"सांगा."

"काहीतरी घरचं गाऱ्हाणं असेल. तुझं नेहमीचं."

"मग सरी का म्हणालात?"

तू डब्याचं झाकण हातात फिरवत होतास. म्हणालास, "काय? काय? असं विचारलं की आरशात तुझा चेहरा पडलेला दिसायचा. सरी म्हटलं की खूश व्हायचीस."

"आणि मामांसमोर? तेव्हा तरी सांगायचं होतं, मला ऐकू आलं नव्हतं म्हणून. एवढं एक वाक्य."

तू म्हणालास, "सगळ्यांसमोर?"

बस, एवढंच. जशी काही मी तुला धोतर सोडायला सांगितलं होतं. त्या एका शब्दासाठी तू मला माझ्या माणसांत आणि तुझ्या माणसांत खोटं पाडलंस, रिबन बांधून आलेली पोर परत पाठवलीस. सेट काढलास तेही त्यासाठीच, माझा आवाज त्या हेल्मेटमधून तुला कळेनासा झाला होता आणि ते मला कळू द्यायचं नव्हतं. पत्र्याच्या प्रेसनं तुझे कान खाल्ले, सतराव्या वर्षापासून खाल्ले, त्यात तुझा काय दोष? मी त्यासाठी तुझे पाय दाबले असते. तुझी लाज मात्र मी का पोसायची?

डॉक्टरकडे चला म्हटलं, आला नाहीस. कानाचं यंत्र घ्या म्हटलं तर, "यंत्र लावून पार्टीसमोर बसू? ऑर्डर देतील का?" ॲम्प्लिफायर मात्र आणखी मोठा आणलास. बॅटरी उतरायची, गाडी ढकलत आणायचास. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमध्ये माणसं दुकानातून बाहेर येऊन बघायची, तुला वाटायचं गाडी बघतात.

आणि मी ओरडायला लागले. चहा घ्या, मीठ संपलंय, नळ गेला, भावजी बोलावतायत. तू अंगणात असलास की मी स्वयंपाकघरातून, पोटातून आवाज काढून. ओरडून सांगता येतील अशाच गोष्टी आपल्यात उरल्या. मला रात्री झोप येत नाही हे कुणी ओरडून सांगतं का? तुझी आठवण येते, हे समोर बसलेल्या माणसाला? वरच्या मजल्यावर पुण्याहून नवं बिऱ्हाड आलं, दोघंही कॉम्प्युटर कंपनीत. त्यातली ती मुलगी, ईशा, एकदा जिन्यात अडवून म्हणाली, "काकू, सॉरी हं, पण सगळं ओके आहे ना? रोज भांडण ऐकू येतं." भांडण! मी तुला जेवायला हाक मारत होते. गल्लीत माझं नाव कजाग पडलं आणि तू शांत पाणी. तू हळू बोलायचास, कारण तुला स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नव्हता आणि तो चढून बिंग फुटेल म्हणून तू तो दाबून ठेवायचास.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. मला टायफॉईड झाला तेव्हा तू माझ्या पदराचं टोक तुझ्या मनगटाला गाठ मारून झोपायचास. मी उठले की पदर ओढला जायचा आणि तू जागा व्हायचास, पाणी द्यायचास. मी कमळाक्काला कौतुकानं सांगितलंही होतं. शेडमधून परतले त्या दिवशी बसमध्ये एकदम लक्षात आलं, की मी हाक मारली तर तुला ऐकू येणार नव्हती म्हणून ती गाठ होती. मग बराच काळ मी त्या गाठीवरही राग धरला. आता वाटतं, ऐकू येत नसलेला माणूस गाढ झोपूही शकला असता. तू गाठ मारलीस. ती नुसती युक्ती होती की माया, मला ठरवता येत नाही, आणि तुला विचारण्याची सोय तू ठेवली नाहीस.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला शेवटी आत सोडलं. मी तुझ्या कानाशी वाकून सवयीनं ओरडले, "अहो!" नर्स धावत आली. "अम्मा, मेल्लगे, मेल्लगे. बाकीचे पेशंट आहेत." मग मी हळू बोलले. कितीतरी वर्षांनी तुझ्याशी हळू बोलले. म्हणाले, "तुझा फार राग येतो मला. आणि तू जाऊ नकोस." दोन्ही एका दमात. तुझे डोळे मिटलेले होते, माझे ओठ तुला दिसत नव्हते. तुला काही कळलं नाही, हे मला माहीत आहे. कळलं असेल अशी माझी समजूत घालायला कमळाक्का टपलेली आहे, पण मी ती घालून घेणार नाही.

गाडी श्रीपाद भावजींना हवी होती. घेऊन जा म्हटलं. त्यांनी अंगणातून ती ढकलत नेली तेव्हा मी बघायलाही गेले नाही.

काल दुपारी सगळे पांगले होते. ईशा रजा काढून खाली आली, माझ्यासाठी भाकरी-भाजी घेऊन. ताट ठेवून समोरच्या खुर्चीत बसली. "तुम्ही जेवा, मी बसते," म्हणाली. मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, "काकू, हळू बोला ना. मी इथंच आहे." मी पुन्हा बोलायला गेले, पुन्हा आवाज मोठाच निघाला. दोनदा झालं तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारीक आवाज घशात सापडतच नव्हता. ती उठली नाही, हसली नाही. खुर्ची ओढून माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ आली.

तेव्हा मग कसाबसा निघाला. फाटका, घोगरा, माझाच आहे असं न वाटणारा. मी तिला म्हणाले, "माझ्या मामेबहिणीची एक मुलगी होती, मंजू. मला ती घरी आणायची होती."

ताटातली भाकरी गार होत होती. ईशा माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली नाही, बरं म्हणाली नाही, ठीक म्हणाली नाही. तिनं विचारलं, "मग?"

अरे, मला तुझ्याकडून एवढंच हवं होतं.